नवऱ्यासाठी ढावलो नसतो

पुसेगावाहून साखऱ्याकडे निघालं की डाव्या हाताला जो तांडा लागतो, तिथं रडणं शिकवणारी एकच बाई उरली होती, जिवनबाई. वय बहात्तर. दात शाबूत, आवाज त्याहून शाबूत, आणि स्वभाव असा की तांड्याच्या नायकानंसुद्धा तिच्यापुढं शब्द जपून टाकावा.

रडणं शिकवणारी म्हटलं की आताच्या लेकरांना हसू येतं. पण बंजाऱ्यांच्या तांड्यात एके काळी ढावलो आल्याशिवाय पोरगी नवरी होत नसे. सासरी निघताना नवरी एकेकाच्या गळ्यात पडून गात गात जे रडते, तो ढावलो. आईसाठी वेगळा, बापासाठी वेगळा, भावासाठी वेगळा. दारातल्या गाईसाठीसुद्धा वेगळा. जिवनबाईला तिच्या आत्यानं, जनकाबाईनं, सव्वा महिना शिकवलं होतं. रोज दुपारी घराच्या मधल्या मेढीला, छप्पर पेलणाऱ्या त्या लाकडी खांबाला, मिठी मारायला लावायची आणि म्हणायची, "आज ही मेढ तुझी याडी." याडी म्हणजे आई. दुसऱ्या दिवशी तीच मेढ बाप व्हायची, तिसऱ्या दिवशी भाऊ. लग्नाच्या दिवशी जिवनबाई सकाळी जी रडायला लागली ती दिवस कलला तरी रडत होती. वऱ्हाडाचे बैल जू टाकून उभे राहिले. तिचा सासरा थावरा मोठा तापट गडी, पण तोही डोळे पुसत म्हणाला होता, "अशी सून रोज मिळती का? घाई काहून करता?"

त्या दिवसाचा मान जिवनबाईला पुढं आयुष्यभर पुरला. तिनं शंभरावर पोरी तयार केल्या. मग पोरी हिंगोलीला शिकायला गेल्या, लग्नं मंगल कार्यालयात गेली आणि डीजे आला. तीन वर्षांपूर्वी थोरल्या नातीच्या, दिपाच्या लग्नात जिवनबाई पुढं होऊन सूर लावायला गेली, तर गाणं कुणी बंदच केलं नाही. म्हातारी तोंड उघडून उभी आणि आवाज त्या डीजेच्या पेट्यांचा. पोरांनी त्याचा व्हिडिओ काढला आणि हसून हसून एकमेकांना पाठवला.

आता धाकट्या मिनाचं लग्न वैशाखावर आलं होतं. मिना नर्सिंग शिकलेली, बोलायला फटकळ. तिनं आधीच सांगून टाकलं, "आजी, माझ्या पसंतीचा पोरगा हाय. मी रडू काहून? लोक म्हणतील, जबरदस्तीनं देऊन राहिले."

पण जिवनबाईच्या मनातून एकच गोष्ट हलत नव्हती. डोळे मिटायच्या आत एका तरी पोरीच्या तोंडून ढावलो बराबर ऐकायचा. नाहीतर वर गेल्यावर जनकाबाईनं विचारलं, मी दिलेलं कुणाला दिलंस, तर काय सांगायचं?

माघाच्या शेवटी, शिवारात हळद शिजायला लागली तेव्हा, तांड्यात सिनेमावाले आले.

सिनेमावाले म्हणजे हिंगोलीच्या व्यंकटराव वकिलांचा मुलगा अपूर्व आणि त्याची मैत्रीण अनुश्री. वकिलांनी तांड्याच्या रस्त्याचा खटला फुकट चालवला होता, म्हणून जिवनबाईच्या मुलाला, देविदासला, नाही म्हणता येईना. अपूर्व तीस वर्षांचा. दोन वर्षं अमेरिकेत सिनेमा शिकायला राहून, अर्धा शिकून परतलेला. आता वडिलांच्या जिवावर सिनेमा काढत होता. गोष्ट त्याचीच, दिग्दर्शक तोच आणि नायकही तोच. अनुश्री पुण्याच्या बांधकामवाल्याची एकुलती एक. ती नायिका. पिण्याचं पाणीसुद्धा तिचं पुण्याहून आलेलं. कॅमेरा धरायला मात्र हिंगोलीचा दिपक होता. त्यानं चारशे लग्नं काढली होती आणि त्याला कशाचंच नवल उरलं नव्हतं.

पहिल्या दिवशी अपूर्वनं पारावर सगळ्यांना गोष्ट सांगितली. श्रीमंत मुलगा, श्रीमंत मुलगी. प्रेम. गैरसमज. मुलगी रागारागानं एका तांड्यातल्या मास्तरशी लग्न करायला उभी राहते आणि ऐन वेळी मुलगा येऊन तिला मोटारसायकलवर घेऊन जातो.

"हे तर टीव्हीवर चारदा पाह्यलं," जिवनबाई म्हणाली.

"नाही आजी, हे वेगळं आहे. यात एक प्रामाणिकपणा आहे."

"आन मास्तराचं काय?"

"कोणत्या मास्तरचं?"

"ज्याची नवरी घिऊन चालला त्याचं. त्यानं तुमचं काय घोडं मारलं?"

अपूर्वनं वही चाळली. मास्तरचं पुढं काही लिहिलेलं नव्हतं.

चार दिवस तांड्याची चांगली करमणूक झाली. एकदा अपूर्व आणि अनुश्रीनं हळदीच्या गाण्याचं चित्रीकरण करताना देविदासची शिजवून वाळत घातलेली हळद तुडवली. अनुश्री त्या पिवळ्या पसाऱ्यावर हात पसरून निजली आणि वर ड्रोन फिरायला लागला. देविदास बैल हाकायची पराणी घेऊन धावला. "उठा, बाई, उठा! बाजारात न्यायची हाय ती, अंथरूण न्हाई!" अनुश्री उठली, पण सबंध दिवसभर आपल्या पाठीला काय काय टोचलं हेच सांगत राहिली. अपूर्व त्याच वेळी तिला त्या दृश्यामागचा आपला विचार सांगत होता. दोघं एकाच वेळी बोलायची. जिवनबाई बाजूला बसून हळद निवडत होती. ती मिनाला म्हणाली, "दोघंबी तोंडं हायेत. कान कोणाकडंच न्हाई. ह्यांचं लगीन झालं तर घरात ऐकायला एक माणूस पगारावर ठेवावं लागन."

नंतर बिदाईचं दृश्य आलं. कुणीतरी अपूर्वला ढावल्याबद्दल सांगितलं होतं, त्यामुळं त्यानं आपल्या मनानंच एक लिहून आणला होता आणि मोबाईलवरून बंजारा बोलीत करून घेतला होता. अनुश्री टेकडीवर एकटी उभी राहून, वाऱ्यावर ओढणी सोडून, तो म्हणणार होती. अपूर्वनं तो वाचून दाखवला. त्यात मायभूमी होती, क्षितिज होतं, पाखरू होतं.

जिवनबाईनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हे निरोपाचं भाषण हाय व्हय? कलेक्टरची बदली झाली का?"

बाया हसल्या. दिपकनं कॅमेऱ्याआड तोंड लपवलं.

"आन टेकडीवर एकटी कोणासाठी रडती? ढावलो गळ्यात पडून रडायचा असतो. समोर माणूस पायजे."

"मग तुम्ही शिकवा हिला," अपूर्व चिडून म्हणाला. "दोन दिवस आहेत."

"सव्वा महिना लागतो."

"आजी, आमच्याकडं दोनच दिवस आहेत."

जिवनबाईनं अनुश्रीकडं वरून खाली पाहिलं. गोरीपान, अंगावरचा कांचळी-फेटिया, म्हणजे बंजारा चोळी-घागरा, भाड्याचा, डोळ्यांत नुकतंच पाणी आणणारं औषध घातलेलं. तांड्याची नाही, जातीची नाही, गावची नाही. पण समोर उभी होती, आणि आपल्या नातीसारखी नको म्हणत नव्हती.

"ते औषध टाकून दे," जिवनबाई म्हणाली. "आन माझं नाव सिनेमात आलं पायजे. मोठ्या अक्षरात."

दुसऱ्या दिवशी दुपारी जिवनबाईनं अनुश्रीला मेढीशी उभं केलं.

"मार मिठी. ही तुझी आई. आता सांग."

"काय सांगू?"

"तिनं काय दिलं ते."

अनुश्री खांबाला बिलगून, एक डोळा दारातल्या मिनाकडं ठेवून म्हणाली, "माझी आई खूप सपोर्टिव्ह आहे."

"म्हंजे काय करती?"

"म्हणजे… ती नेहमी माझ्या पाठीशी असते."

"पाठीशी काय करती? भाकर दिती? डोकं धुती? मारती?"

अनुश्रीनं गाडी सांगितली, फ्लॅट सांगितला. जिवनबाईनं मान हलवली. "हे दुकानातलं झालं. बरं, काय न्हाई दिलं ते सांग. ढावल्यात तेबी सांगत्यात."

पोरीनं कपाळ खांबाला टेकलं. मग म्हणाली, "माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा ती सिंगापूरला होती. तिनं मला व्हिडिओवर पेढा दाखवला. आणि तो स्वतः खाल्ला."

दारात मिना फस्सकन हसली. अनुश्रीही हसली, आणि हसता हसता तिचा आवाज एका जागी कापला. जिवनबाईनं तो बरोबर पकडला. "हां! तिथंच थांब. तिथं सूर लाव. पेढाऽ दाखिवला गं याडीऽ… म्हण."

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिवनबाईनं तिला सूर दिला, श्वास कुठं तोडायचा ते दिलं, आणि एक गोष्ट तीनदा बजावली. "दुसऱ्याचं चुकलेलं सांगितलं की लगेच आपलंबी चुकलेलं सांगायचं. न्हाईतर ते भांडण व्हतं. ढावलो न्हाई."

"माझं काय चुकलंय?" अनुश्रीनं विचारलं.

"रातभर इचार कर. सापडन."

त्या दुसऱ्या दिवशीच संध्याकाळी, उन्हं सोनेरी झाली तेव्हा, दृश्य उभं राहिलं. तांड्याच्या बाया लुगडी-फेटिये नेसून गोळा झाल्या. नवरी भावाच्या गळ्यात पडून रडणार असं ठरलं होतं. पण भावाचं काम करणारा पुण्याचा पोरगा सकाळीच निघून गेला होता, त्याला कुठली तरी जाहिरात मिळाली म्हणून.

"देविदासला उभा करा," जिवनबाई म्हणाली.

अपूर्वनं देविदासकडं मान तिरकी करून पाहिलं. "त्यांची उंची फ्रेमला शोभत नाही. मीच उभा राहतो. पाठ दिसेल फक्त. कुणाला कळणार नाही."

"वकिलाच्या पोरा, हे असं करू नको. ज्याच्या गळ्यात पडत्यात त्याला ते भोवतं."

"आजी, अभिनय आहे हा." त्यानं भावाचा लाल फेटा डोक्यावर बांधला, कॅमेऱ्याकडं पाठ केली आणि हात पसरले.

अनुश्री आली. गळ्यात पडली. पहिले दोन सूर तिनं शिकवल्याप्रमाणं लावले, आणि मग थांबली. जिवनबाईला वाटलं, विसरली. पण पोरगी विसरली नव्हती. तिच्या हातात कोणाचा गळा आहे हे तिला तेव्हा उमगलं होतं.

"अपूर्व रेऽ," तिनं सूर उचलला, "सहा वर्षं झाली रेऽ…"

अपूर्वची पाठ ताठ झाली.

"तुझ्या सिनेमातली पोरगी पायरीवर बसून जे बोलते रे, ते मी बोलले होते रेऽ. तू वहीत लिहिलंस रे, आणि माझं नाव लिहिलं नाहीस रेऽ. माझ्या बाबांचं ऑपरेशन होतं रे, तू धावत आलास रे, आणि दारात उभा राहून फोनवर हॉटेल ठरवत होतास रेऽ…"

बायांमधून एक हुंकार निघाला. कसलेल्या बाया होत्या. खरा ढावलो आणि खोटा ढावलो यांतला फरक त्यांना डोळे मिटून कळत होता.

"मीही तशीच रे अपूर्वऽ," अनुश्रीचा आवाज आता फाटला, आणि फाटूनही सुरातच राहिला. "तुझे आजोबा गेले रे, सगळं घर रडत होतं रे, मी केस कापायला गेले होते रेऽ. तू विचारलंस कुठं होतीस रे, मी म्हटलं, कसे दिसतात रेऽ…"

इथं हसावं की रडावं कळेना. देविदासची बायको संगिता पदर तोंडात धरून दोन्ही करत होती. मग म्हाताऱ्या बायांनी, कुणी न सांगता, ओळीच्या शेवटी सूर धरला. एकीनं, दोघींनी, मग सगळ्यांनी. पोरगी सांगायची आणि बाया तो सूर झेलून परत द्यायच्या. वीस-पंचवीस वर्षं त्या तांड्यानं असा आवाज ऐकला नव्हता. हळदीच्या कढईजवळची माणसं झारे टाकून आली. जिवनबाई एका जागी उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. इकडं अपूर्वचे खांदे गदगदा हलायला लागले. थांबा म्हणायचं त्याचं काम होतं. ते तो विसरला. दिपकनं कॅमेरा चालूच ठेवला. चारशे लग्नांचा माणूस, पण बाही डोळ्यांकडं गेली ती गेलीच.

संपलं तेव्हा अनुश्री मटकन खाली बसली. अपूर्वही तिच्यासमोर बसला, फेटा वाकडा, नाक लाल.

"मी ते नाव लिहायला हवं होतं," तो म्हणाला. सहा दिवसांत तांड्यानं ऐकलेलं त्याचं हे पहिलं छोटं वाक्य.

तेवढ्यात संगिता डोळे पुसत म्हणाली, "पण मामी, आता ह्यांचं कसं? भावाचा फेटा घातला, गळ्यात पडून रडून झालं, सगळ्या तांड्यानं ऐकलं. आता हा तिचा भाऊच झाला की."

"व्हय तर," दुसरी म्हणाली. "राखी बांधावी लागन दरसाल."

अपूर्व ताडकन उभा राहिला. "नाही, नाही! असं कसं? आमचं लग्न ठरलंय!"

"कधी ठरलं?" अनुश्रीनं खालूनच विचारलं.

"म्हणजे… मी मनात ठरवलं होतं. शेवटच्या दृश्यात विचारणार होतो. मोटारसायकलवर."

"ड्रोन वर असताना?"

अपूर्वनं मान खाली घातली. "हो."

बायांमध्ये असा हशा पिकला की पलीकडच्या झाडावरचे बगळे उठले. पण हसून झाल्यावर सगळ्या जिवनबाईकडं पाहायला लागल्या. चेष्टा होती, पण निम्मीच. तांड्यात रडण्याचा शब्द हलका नसतो.

जिवनबाई पुढं आली. "गप ऱ्हावा सगळ्या. ह्या तांड्यात ढावलो कोण शिकवतं?"

"तुमी."

"मग निवाडाबी मीच करन. भावासाठी रडताना भावाचं नाव घेत न्हाईत. वीरा म्हणत्यात. हिच्या तोंडातून एकदा तरी वीरा आला का?"

बायांनी नकारार्थी माना हलवल्या.

"नाव घेतलं. मी मोजलं, बारा डाव घेतलं. तवा ही भावासाठी रडली न्हाई."

"मग कोणासाठी रडली?"

"नवऱ्यासाठी."

"मामी, नवऱ्यासाठी ढावलो असतो व्हय?"

"नव्हता," जिवनबाई म्हणाली. "माझ्या आत्यानं मला नऊ शिकिवले, त्यात नव्हता. सोडून जायचं त्याच्यासाठी रडायचं, आन नवऱ्याकडं तर जायचं असतं, म्हणून नव्हता. आज झाला. दहावा."

भावाला नावानं हाक मारू नये हा नियम जनकाबाईनं घालून दिला होता, की जिवनबाईनं तिथल्या तिथं केला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. अपूर्वनं फेटा काढून देविदासच्या हातात दिला आणि कॅमेऱ्याकडं न पाहता अनुश्रीला काहीतरी विचारलं. इतक्या हळू विचारलं की दिपकलाही ऐकू आलं नाही. तिनं उत्तर द्यायच्या आधी त्याला पुरतं बोलू दिलं, आणि हे त्या दोघांसाठी लग्नाहून मोठं होतं.

मोटारसायकलचं दृश्य मग झालंच नाही. सिनेमाचा शेवट त्या ढावल्यावर ठेवला, आणि लग्न मास्तरनंच मोडलं. "बाई, तुम्ही आधी त्याच्याशी बोलून या," एवढं एकच वाक्य त्याला दिलं होतं, पण हिंगोलीत सिनेमा दाखवला तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. बाकीचा सिनेमा पाहिल्यासारखाच होता, असं लोक मोकळेपणानं म्हणत. शेवटची अकरा मिनिटं मात्र कुणी खुर्ची सोडली नाही. पडद्यावरच्या नावांत जिवनबाईचं नाव दिग्दर्शकाच्या आधी आलं. मोठ्या अक्षरात. पायरीवरच्या बोलण्यापुढं अनुश्रीचं नाव आलं.

पण हे पुढचं. त्या संध्याकाळी, सिनेमावाल्यांची गाडी हिंगोलीकडं निघून गेल्यावर, मिना आजीजवळ येऊन बसली. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

"आजी, सव्वा महिना लागतोच का?"

"काहून?"

"माझ्याजवळ दोन महिने हायेत म्हणून इचारलं."

"तुझ्या पसंतीचा पोरगा हाय ना? मग रडती काहून?"

"त्याच्यासाठी कोण रडून राहिलं?" मिना फणकारली. "तुमच्यासाठी रडायचं हाय."

वैशाखात मिनाचं लग्न तांड्यातच झालं. कार्यालय रद्द केलं. नवऱ्याकडच्या गाड्या रस्त्यावर रांगेनं उभ्या होत्या; एका ड्रायव्हरनं घाई करून भोंगा वाजवला, तर नवरदेवानं स्वतः जाऊन त्याला गप्प बसवलं. मिना आईच्या गळ्यात पडली, मग बापाच्या. देविदास एवढा रांगडा गडी, लेकरासारखा रडला. चुलत्या, मैत्रिणी, दिपा, सगळ्या झाल्या. अपूर्व आणि अनुश्री पाहुणे म्हणून आले होते आणि मागं उभे होते. त्यांच्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही, आणि त्यांनाही त्याचं काही वाटलं नाही.

शेवटी मिना जिवनबाईपुढं आली. जिवनबाईला वाटलं, पाया पडेल आणि गाडीकडं जाईल. कारण आजीसाठीचा ढावलो तिनं शिकवलाच नव्हता. तो तिलाही येत नव्हता. जनकाबाईनं कधी दिला नव्हता. त्या काळी नातीच्या लग्नापर्यंत आज्या जगतच कुठं होत्या!

मिनानं तिच्या गळ्यात हात टाकले.

"आजी गंऽ," तिनं सूर लावला, "माझी परीक्षा होती गं, पहाटे मी उठायची गं, माझ्याआधी चूल पेटलेली असायची गंऽ. तू चहा ठेवून निजायचं सोंग करायची गं, आणि मी म्हणायची, म्हातारी किती निजती गंऽ…"

हे कुणी ऐकलेलं नव्हतं. अकरावा ढावलो तिथं, त्या मांडवाच्या दारात, जन्माला येत होता, आणि तो जिवनबाईच्याच गळ्यात पडून येत होता. तिचे हात नातीच्या पाठीवर घट्ट झाले. डोळ्यांना धार लागली. पण कान शिकवणाऱ्या बाईचे; ते कसे गप्प बसणार? तिसऱ्या ओळीला मिनाचा आवाज जरा खाली घसरला, तशी तिनं रडता रडताच नातीच्या कानात म्हटलं, "वर घे, पोरी. वर घे."

मिनानं सूर वर घेतला. पार पुसेगावच्या रस्त्यापर्यंत गेला तो.